इंजिनाची तक्रार आणि तिचा तपास

वाईहून पसरणीचा घाट चढताना मोटार नेहमीसारखी ओढत नाही, मध्येच झटके मारते, किंवा नाक्यावर उभी असता तिचे इंजिन थरथरू लागते, असा अनुभव आला की आपल्याकडे तपासाआधीच फैसला होतो. प्रथम प्लग बदलले जातात, प्लगांनी भागले नाही तर कॉइल, कॉइलनेही भागले नाही तर पेट्रोलचा पंप, आणि अशा क्रमाने सुटे भाग खर्ची घालीत जाण्यालाच दुरुस्ती समजले जाते. लक्षण जेथे प्रकट होते तेथेच दोषही वसत असतो, ही या साऱ्या गैरसमजांच्या मुळाशी असलेली समजूत होय.

स्कॅनर लावला म्हणजे तो बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो, हा आजचा सर्वांत खर्चिक समज. स्कॅनरचा कोड ही केवळ फिर्याद असते. ‘पी०१७१’ हा कोड एवढेच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण बिघडल्याची खबर धुराच्या वाटेवरील ऑक्सिजन सेन्सर देतो, आणि नेमका तोच साक्षीदार आरोपी ठरून काढून टाकला जातो. ज्या मोटारींत आत येणाऱ्या हवेचे प्रत्यक्ष मापन होते, त्यांत मापनाच्या पुढील रबरी नळीला गेलेली एखादी चीर बेहिशेबी हवा आत घेत असते. इंजिन मंद चालत असता एकूण हवाच थोडी, म्हणून या चोरट्या हवेचे प्रमाण मोठे, आणि म्हणून थरथर. रेस वाढवताच ते प्रमाण घटते व इंजिन सावरते.

याच्या उलट, उभ्या गाडीत शांत असणारे इंजिन चढावर मिसिंग करू लागले, तर संशय ठिणगीवर घ्यावा. कारण भार वाढला की सिलिंडरातील दाब वाढतो, त्या दाबात प्लगची फट ओलांडण्यास अधिक व्होल्टेज लागते, आणि दुबळी कॉइल किंवा झिजलेला प्लग तेथे कमी पडतो. कोड ‘पी०३०२’, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा, असेल, तर त्याची कॉइल तिसऱ्यावर चढवून पाहावी: तक्रार तिसऱ्याकडे गेली तर कॉइल दोषी, तेथेच राहिली तर प्लग, इंजेक्टर आणि अखेरीस कॉम्प्रेशन यांची तपासणी करावी. या परीक्षेला नवा भाग लागत नाही, आणि तरीही ती इतक्या क्वचित केली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. झटके न बसता जोर नुसताच मावळत जात असेल, तर फिल्टर, पंप किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांकडे वळावे.

इंजिनाचा दिवा लुकलुकत असतानाही गाडी तशीच रेटत गॅरेजपर्यंत नेण्यास हरकत नाही, असे मानणे तर सरळ नुकसानीचे आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटण्याचा धोका. त्या उष्णतेने आतील चिनी मातीची जाळी वितळू शकते, आणि एका कॉइलच्या दुखण्यापायी तिच्याहून कितीतरी महागडा भाग निकामी होतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

महागडे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने जोर परत येतो, हेही खरे नव्हे. ऑक्टेन हे अकाली स्फोट टाळण्याच्या क्षमतेचे माप आहे, शक्तीचे नव्हे. तसेच थरथर ही नेहमी जळणातल्या दोषाचीच नसते. इंजिन ज्यावर टेकलेले असते ते रबरी माउंट फाटले, तरी निर्दोष इंजिनही सारी गाडी हलवते.

आणि घाटातल्या प्रत्येक मंदपणाला बिघाड म्हणू नये. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी हवा समुद्रकाठच्या मानाने आठव्या हिश्शाने विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर जवळजवळ तितकाच उतरतो. तो कोणत्याही दुरुस्तीने परत मिळत नाही, आणि गाडी वाईकडे उतरू लागली की बराचसा आपोआप परत येतो.