मुदत सहा महिन्यांची

घर फोडले तर कुलूप तुटते, पंचनाम्यात लिहिण्याजोगे काहीतरी मागे उरते. मोबाइल किंवा लॅपटॉपमध्ये कोणी शिरले तर फाइल जागच्या जागीच असते. तिची प्रत मात्र दुसरीकडे गेलेली असते. मालकाला याचा पत्ता लागायला कधी वर्ष जाते, कधी तो लागतच नाही.

परवानगीशिवाय आणि लबाडीने असे शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोर आणि तपास अधिकारी पडद्यापुढे बसून करतात ते काम अनेकदा एकच असते. फरक असतो तो लेखी आदेशाचा.

असा आदेश नसताना अधिकारी शिरला, तर दाद मागायला किती वेळ मिळतो? त्यासाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १६१ पाहा. कर्तव्याच्या नावाखाली किंवा त्याची हद्द ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा दाखल करायचा, तर कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत. राज्य सरकारने आधी मंजुरी दिली, तर खटल्यासाठी दोन वर्षे. दंगल आवरणाऱ्या हवालदाराला आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत, हा त्यामागचा विचार मला रास्त वाटतो. या संरक्षणाला मर्यादाही आहे: कबुलीसाठी मारहाण करणे, डांबून ठेवणे हे कर्तव्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६६ मध्ये सांगितले. पण मार खाल्लेल्या माणसाला तारीख ठाऊक असते. ज्याचा फोन वाचला गेला, त्याला ती कुठून कळणार?

त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २००९ च्या नियमांची भर. त्या कायद्याच्या कलम ६९ खाली गृह सचिवांच्या आदेशाने संगणकीय संदेशांवर पाळत ठेवता येते. ज्याच्यावर ती ठेवली, त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही. आणि नियम २३ सांगतो, की कामासाठी गरज नसेल तर सुरक्षा यंत्रणांनी पाळतीच्या आणि तिच्या आदेशांच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट कराव्यात. म्हणजे तक्रारीची मुदत आणि पुरावा, दोन्ही जवळपास एकाच सुमारास संपू शकतात. प्रामाणिक अधिकाऱ्याचेही यात नुकसानच आहे. आदेश होता हे दाखवणारा कागद त्याच्याही हाती उरत नाही.

तोडगा शोधायला दूर जायला नको. गुन्हा आधी माहीत नसेल, तर तो पीडिताला किंवा पोलिसाला कळल्या दिवसापासून मुदत मोजावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१५ इतर खटल्यांबाबत म्हणतेच. संगणकीय घुसखोरीपुरती हीच मोजणी विधिमंडळाने कलम १६१ मध्ये आणावी, आणि केंद्राने नियम २३ मधला सहा महिन्यांचा अवधी वाढवावा.