मित्राला ९ मार्क का दिले?

बसमध्ये, लेक्चरला किंवा घरच्यांसमोर ऐकता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

मी गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळ रूम करून राहतो. मागच्या सेमिस्टरला वर्गात ग्रुप प्रेझेंटेशन होती. सगळ्यांना विषय एकच, आपल्या शहराचं पाणी. मॅडम म्हणाल्या, "यावेळी मार्क तुम्हीच एकमेकांना द्यायचे. दहापैकी. आणि खाली कारण लिहायचं."

पहिला ग्रुप माझ्या रूममेटचा. चकाचक स्लाइड, जायकवाडीचा व्हिडिओ, फाडफाड इंग्रजी. मी डोळे झाकून ९ दिले. चौथ्या ग्रुपची मुलगी घाबरलेली, कागदात बघून वाचत होती. दिले ५.

मग कारण लिहायला घेतलं आणि पेन अडला. ९ का? "छान बोलले." पण काय बोलले? आठवेना! चौथ्या ग्रुपचं मात्र सगळं लक्षात होतं. मलिक अंबरच्या काळातल्या नहरीतून पाणी फक्त उताराच्या जोरावर शहरात कसं यायचं, ते त्यांनी आकृती काढून दाखवलं. वर एका गल्लीत महिनाभर नळाला पाणी कधी आलं, त्याची वही ठेवली होती.

म्हणजे मी मार्क कशाला दिले? आवाजाला.

याला नाव आहे, हेलो इफेक्ट. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये त्यावर लिहिलं. लष्करी अधिकारी हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे मार्क देत. पण एकात चांगला वाटलेला माणूस बाकी सगळ्यातही चांगलाच ठरायचा. एक गुण दिसला, की त्याचा उजेड बाकीच्यांवर पडतो.

मग विद्यार्थ्यांनी मार्क देऊच नयेत का? तसं नाही. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या दोघींनी २००० मध्ये असे ४८ अभ्यास एकत्र तपासले. निकष नीट समजलेले असतील आणि त्यावरून एकूण कामाला मार्क दिले, तर विद्यार्थ्यांचे मार्क शिक्षकांच्या मार्कांच्या जास्त जवळ जातात. दहा रकाने करून तुकड्या-तुकड्यात मार्क दिले, तर तेवढे जात नाहीत. म्हणजे तक्ता मोठा असून उपयोग नाही, 'चांगलं म्हणजे काय' हे आधी वर्गाने मिळून ठरवायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेच्या प्रगतिपुस्तकात सहविद्यार्थ्यांचं मूल्यमापन धरलंय. त्यामुळे तुमच्या लहान भावंडांवरही ही वेळ येणार.

आता माझी पाळी. आमच्या ग्रुपला चौथ्या ग्रुपने लिहिलं होतं, "पाचपैकी दोघंच बोलले. बाकी तिघांनी काय केलं?" झोंबलं, कारण खरं होतं. त्या तिघांत मी होतो. माक्स रिंगेलमान या फ्रेंच इंजिनिअरने दोरी ओढायला लावून हेच मोजलं होतं, निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होतो. थोडा ताळमेळ चुकतो म्हणून, आणि थोडं, 'बाकीचे ओढतायत ना' म्हणून.

मी कागद परत घेतला. ९ चे ६ केले, ५ चे ८. रात्री रूममेटला स्वतःच सांगितलं. दोन दिवस भाऊ बोलला नाही, चहाचे पैसेही वेगळे दिले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं, काय कमी होतं ते लिहून दे." लिहून दिलं. खरं सांगू, ते लिहिताना मला आमच्याच प्रेझेंटेशनमधल्या चुका दिसत होत्या.

तर पुढच्या वेळी तीन गोष्टी करा. आधी कारण लिहा, मग आकडा. मित्राचा ग्रुप असेल तर स्वतःला विचारा, हेच अनोळखी मुलांनी केलं असतं तर किती दिले असते? आणि "छान" लिहून थांबू नका. काय छान, ते लिहा.

तुम्ही कधी मित्राला कमी मार्क दिलेत का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!