आजोबा गप्प झाले, म्हणजे बरे झाले का?

सोलापूरच्या गिरण्या बंद होऊन वर्षे लोटली. पण सात रस्त्यापासून कुठल्याही वस्तीत जा, जुने गिरणी कामगार भेटतात. त्यांतल्या एखाद्या आजोबांना संध्याकाळ झाली की भोंगा ऐकू येतो. "पाळीला निघतो," म्हणतात. दार अडवले की हात उगारतात. घर एका खोलीचे, सून कामावरून दमून आलेली, लेकरांचा अभ्यास. मग कोणीतरी सुचवते, झोपेची गोळी द्या. वृद्धाश्रमातही रात्री माणसे कमी असली की गोळीच सोपी वाटते.

हा वेडेपणा नव्हे आणि करणीही नव्हे. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना तो आहे.

चिठ्ठीवर हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन, क्वेटियापीन यांपैकी नाव असेल तर थांबून विचारा. ही औषधे मुख्यतः स्किझोफ्रेनियासारख्या आजारांची. विसरणे त्यांनी थांबत नाही. माणूस सुस्त होतो, अंग ताठरते, तोल जातो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली 17 चाचण्या तपासल्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत अशी गोळी घेणाऱ्या शंभरांत साडेचार, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत अडीचच्या आसपास रुग्ण दगावले होते. 2008 साली हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांनाही तोच इशारा लागू झाला.

म्हणून आधी कारण शोधा. आजोबांना सांगता येत नाही, पण काहीतरी दुखत असते. दाढ, गुडघा, लघवीची जळजळ, चार दिवस शौचाला न होणे. नॉर्वेतल्या 18 शुश्रूषागृहांत 352 रुग्णांवर अभ्यास झाला. 2011 साली तो छापून आला. दुखण्यावर पद्धतशीर उपचार केले, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल दिले, तेवढ्याने चिडचीड घटली. एक-दोन दिवसांतच माणूस एकदम बरळू लागला तर मात्र घरी थांबू नका. संसर्ग असू शकतो, सरळ सरकारी दवाखान्यात न्या.

भोंग्यावरून वाद घालू नका. "आज सुट्टी आहे, चहा घेऊन बसा," एवढे पुरते कधी कधी. दिवा लवकर लावा. त्रिसरण म्हणायला बसवा. नातवाचे नाव विसरलेला माणूसही पाठ असलेले म्हणून जातो.

तरीही जिवाला धोका होईल इतके आक्रमक झाले, किंवा भास होऊन घाबरेघुबरे झाले, तर डॉक्टर ही गोळी देतात, आणि तेव्हा ती योग्यही असते. पण कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी. वृद्धाश्रमात विचारा: कोणती गोळी, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी लिहिली, बंद कधी करणार? विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका, कायद्यानेही मनाई आहे.

आधीच चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. सल्ल्यासाठी टेलि-मानस, 14416. फोन मोफत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते.