जुन्या पद्मिनीला रंग द्यायचाय? आधी प्रायमरचा विषय समजून घ्या

इन्स्टावर एक रील हमखास दिसते. अंगणात वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, मग धडाधड घासकाम, मग चकाचक रंग आणि मागे जुनं गाणं. तीस सेकंदात गाडी नवी. त्या रीलमध्ये दाखवत नाहीत तो भाग म्हणजे दोन पावसाळ्यांनंतर दाराच्या खालच्या कडेला आलेले फोड. रंग चांगला असतो, पेंटरही चांगला असतो. चुकतं ते रंगाच्या खाली.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याचंच उदाहरण घ्या. इथे मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो, जून संपता संपता हवा ओली होते आणि डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार पडतात. प्रायमरच्या डब्यावरचं वाळण्याचं वेळापत्रक मात्र बहुतेक वेळा २० ते २५ अंशांसाठी छापलेलं असतं. गावाच्या नावात लोह असलं तरी गंजाला त्याचं काही कौतुक नाही.

आता गाडीकडे येऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ला फियाट ११०० डिलाइट आली, तिचंच नाव १९७४ला पद्मिनी झालं. त्या काळच्या गाड्यांच्या पत्र्याला आजच्यासारखा जस्ताचा थर सहसा नसे. म्हणजे पत्रा उघडा पडला की त्याचं रक्षण करायला प्रायमरशिवाय कोणी नाही.

प्रायमर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं रेड ऑक्साइडचं. गेटला, ग्रिलला, ट्रॉलीला ठीक. गाडीला नको. हा सावकाश वाळणारा, एकाच डब्यातून येणारा माल. त्यावर हार्डनरवाला पीयू रंग मारला की त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. स्वस्तात पडतो म्हणून अजूनही काही ठिकाणी मारतात, पण पुढे सगळं खरवडायचा खर्च त्यात धरलेला नसतो.

दुसरा वॉश प्रायमर, ज्याला एच प्रायमरही म्हणतात. यात आम्ल असतं, ते धातूला चावतं आणि पकड घेतं. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या पत्र्यावर याचा खरा उपयोग. थर अगदी पातळ असतो, त्यामुळे एकटा तो पाणी अडवत नाही. याच्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी भरू नये, कारण आम्लामुळे पुट्टी नीट पकडत नाही.

तिसरा इपॉक्सी. दोन डब्यांचा, हार्डनर मिसळून मारायचा. स्वच्छ, घासलेल्या लोखंडी पत्र्याला घट्ट धरतो आणि ओल अडवण्यात बाकी दोघांच्या बराच पुढे आहे. आपल्या हवेत जुन्या गाडीचा पत्रा उघडा केला असेल तर माझं मत सरळ इपॉक्सीला. दोन अटी आहेत. गंज घालवायला आम्लाचं औषध वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन, वाळवून, पत्रा पुन्हा घासून मगच इपॉक्सी मारायचा, नाहीतर खाली राहिलेलं आम्ल त्याची पकड सोडवतं. आणि थंडीच्या रात्री मारून गाडी उघड्यावर ठेवली तर तो सुकल्यासारखा दिसतो, पण आतून पक्का होत नाही.

मग सरफेसर कशाला? तर सरफेसरचं काम गंज अडवणं नाहीच. घासकामाच्या रेघा आणि पुट्टीच्या कडा बुजवून, घासून पृष्ठभाग सपाट करता यावा म्हणून तो जाड मारतात. सहज घासला जावा म्हणून त्यात टाल्कसारख्या भुकट्या भरपूर असतात, आणि नेमक्या त्यामुळेच तो पाणी शोषतो. पॉलिएस्टर पुट्टीचंही तेच.

खरा घात इथेच होतो. पैसे संपतात, लग्नसराई येते, पेंटर दुसऱ्या कामाला जातो आणि गाडी राखाडी सरफेसरमध्ये अख्खा पावसाळा उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं, प्रायमर मारलाय, काळजी नाही. प्रत्यक्षात तो थर ओल्या फडक्यासारखा पत्र्याला चिकटलेला असतो. दिवाळीला वरून रंग चढतो, ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड. काम थांबणारच असेल तर ते इपॉक्सीवर थांबवा, सरफेसरवर नाही. इपॉक्सीही उन्हात भुकटतो, म्हणून गाडी सावलीत हवी आणि पुन्हा काम सुरू करताना वरून घासून घ्यायला हवं.

पुट्टी उघडी असताना पाण्याच्या पेपरने घासू नका, ती कोरडीच घासायची. पाण्याचा पेपर सरफेसरवर चालेल, पण नंतर गाडी पूर्ण वाळू द्या. लहान खड्ड्यांसाठी मिळणारी एनसी पुट्टी जाड भरली की नंतर आक्रसते आणि रंगावर खळगा दिसतो. ती टाचणीएवढ्या खड्ड्यापुरतीच.

जुना रंग काढायचा की ठेवायचा, हे एका फडक्याने कळतं. फडकं एनसी थिनरमध्ये भिजवून कोपऱ्यात मिनिटभर धरा. रंग फडक्यावर उतरला तर तो जुना ड्युको, म्हणजे लॅकर. सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनरचा रंग, आणि तो पत्र्याला घट्ट असेल तर घासून त्यावरच काम करता येतं. पहिल्या दोघांवर थेट पीयू सरफेसर मारणं म्हणजे जुगार.

ही घासकामाची धूळ मात्र हलक्यात घेऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पोरं खेळतात त्या अंगणात कोरडं घासकाम नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर पीयूची फवारणी घरी करूच नये. पैसे वाचवायचेच असतील तर घासकाम स्वतः करा आणि फवारणी बूथ असलेल्या ठिकाणी द्या.

लोहाऱ्यासारख्या ठिकाणी महिना निवडता आला तर फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी असते आणि दुपार फार तापलेली नसते. मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे करा, स्लो थिनर घ्या आणि हार्डनर थोडा थोडा मिसळा, कारण त्या उकाड्यात मिसळलेला माल भांड्यातच घट्ट होतो.

आणि हो, गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. त्यामुळे गंजलेला पत्रा कापण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.