हळद, चुना, चिलापी आणि घोड्याची नाळ

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी देवगाव फाट्याच्या आसपासच्या गावांत बैलांची खांदमळणी होते. वशिंडाच्या पुढे जिथे जू बसतं, तिथली कातडी कोळपणीच्या दिवसांत राठ आणि दुखरी झालेली असते. तिला तूप-हळद लावून हळूहळू रगडायचं आणि दुसऱ्या दिवशी जू खांद्यावर ठेवायचंच नाही. सुई नाही, गोळी नाही. मालिश आणि सक्तीची विश्रांती. यातलं मोलाचं काय, तर विश्रांती. सुजलेला खांद जुवाखाली कधीच भरून येत नाही. आज जगभर जनावरांसाठी बिनऔषधी उपचारांचा बोलबाला आहे आणि त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हेच आहे: शरीर स्वतःला दुरुस्त करत असतं, त्याला हातभार लावा आणि वेळ द्या.

पाणी खुब्यापर्यंत हवं

कुत्र्याच्या खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मोठ्या शहरांत त्याला पाण्याच्या काचपेटीत सरकत्या पट्ट्यावर चालवतात. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा 85 टक्के भार राहतोच. खुब्यापर्यंत चढलं की तो थेट 38 टक्क्यांवर येतो. दुखरा पाय न दुखता हलू लागतो, स्नायू सुकत नाहीत.

घोड्याचं रक्त आपोआप फाटतं

रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या नळीत घोड्याचं रक्त घ्या आणि ती नुसती टेबलावर उभी ठेवा. थोड्याच वेळात तांबडा थर खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी दिसू लागतं. घोड्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली जातात. गाईचं रक्त तसंच ठेवलं तर तासाभरानेही फारसा फरक दिसत नाही.

वरच्या पिवळ्या थरात बिंबिका म्हणजे प्लेटलेट असतात. जखम भरणाऱ्या घटकांचा साठा त्यांच्यातच. त्या गोळा करून त्याच घोड्याच्या दुखावलेल्या कंडरेत म्हणजे टेंडनमध्ये टोचल्या की झाली ‘पीआरपी’. रक्त त्याचंच, परत त्यालाच. निकाल सगळ्या घोड्यांत सारखे येत नाहीत, हे मात्र पैसे मोजण्याआधी माहीत असावं.

घोड्याची नाळ, कुत्र्याचा खुबा

घोड्याच्याच अस्थिमज्जेतून मूळपेशी काढायच्या, वाढवायच्या आणि पायाच्या कंडरेत सोडायच्या, हा प्रयोग ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. 2019 मध्ये युरोपने घोड्यांच्या लंगडेपणासाठी मूळपेशींच्या तयार इंजेक्शनला परवानगी दिली. 2022 मध्ये तर कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी असं इंजेक्शन मंजूर झालं, ज्यातल्या पेशी घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या असतात. वार पडल्यावर जी नाळ एरवी पुरून टाकायची, तिच्यावर म्हातारा कुत्रा चालता होऊ शकतो. या सगळ्या यादीत मला सर्वांत थक्क करते ती ही गोष्ट.

अस्वलाच्या पंजाला चिलापी

उजनीच्या पाण्यात सापडणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, महाराष्ट्रात बहुतेकांना ताटातच माहीत. ब्राझीलच्या डॉक्टरांनी तिची निर्जंतुक कातडी भाजलेल्या माणसांवर वापरली, कारण तिच्यात कोलॅजन भरपूर असतं. डिसेंबर 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यात दोन अस्वलांचे पंजे होरपळले, तेव्हा तिथल्या पशुवैद्यांनी हीच कातडी पंजांवर टाके घालून बसवली आणि वरून मक्याच्या कणसाची सालं गुंडाळली. अस्वलाने पट्टी खाल्ली तरी पोटाला अपाय नको, म्हणून सगळंच खाण्याजोगं! जानेवारीत दोघी माद्या जंगलात परतल्या.

दगडीवर लाल लेप

आता गोठ्यात या. गाईची कास दगडासारखी टणक झाली की आपल्याकडे ‘दगडी’ म्हणतात. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ यावर एक घरगुती लेप सुचवतं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. मिक्सरमधून काढताना पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होते. कुंकूही हळद आणि चुन्यापासूनच होतं. कास धुऊन, पूर्ण पिळून, पातळ केलेला लेप दिवसातून दहा वेळा, पाच दिवस लावायचा. दहा वेळा म्हणजे दहाच वेळा. सकाळ-संध्याकाळ दोन बोटं फिरवून गुण येत नाही. लवकर लावला आणि प्रतिजैविक टळलं, तर दुधात औषधाचा अंश उतरण्याची भीतीही टळते.

मिरचीने हुकलेलं पदक

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं मात्र अजिबात नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडलं, म्हणजे मिरचीतलं तिखट. ते पायाला चोळलं तर वेदना दबते किंवा कातडी इतकी झोंबते की आडव्या दांड्याला पाय लागू नये म्हणून घोडा उंच उडी मारतो. नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक त्यात गेलं.

आपल्याकडची डागणी आणि बिब्बा घालणं याच जातीतलं. लंगड्या बैलाच्या खांद्यावर तापलेली सळई टेकवायची, नवी जखम करायची आणि जुनी बरी झाली म्हणायचं. बैल बरा होतो तो नंतर महिनाभर बांधून ठेवल्यामुळे. मग सळई कशाला? परभणीत 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावर दाखवावं. घोड्याच्या खुरात खिळा घुसला तर लेप नकोच. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार मोठा, तिथे लस आणि इंजेक्शनच हवं.

एक वेदनाशामक आणि आभाळभर गिधाडं

औषध कमी वापरण्याचं आणखी एक कारण गोठ्याच्या बाहेर आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसतं, म्हणून डॉक्टरांकडे तेच मागावं.

माळेगावला जाताना

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घ्यायचा असेल तर दातांआधी पाय पाहा. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने, गुडघ्याखालून टाचेकडे तळवा सावकाश फिरवा, मग दुसऱ्या पायावर तसाच. एका बाजूला ऊब किंवा जाडी जास्त लागली तर कंडरा दुखावलेली असू शकते. ती भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं: आधी बांधून, मग रोज थोडं चालवून, फार उशिरा दुडकी. मूळपेशी टोचल्या तरी हे वेळापत्रक चुकत नाही. विकणारा ‘आठ दिवसांत पळेल’ म्हणाला, तर घोडा तिथेच सोडा.