कामाची जागा आणि रोगाचा फैलाव

दिनांक 10 मार्च 2020 रोजी कलबुर्गीच्या एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. करोनाने भारतात घेतलेला हा पहिला बळी होय. पुढे देशात काही ठिकाणी माणसांच्या अंगावरही जंतुनाशक फवारले गेले. ते अपायकारक असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्ये जाहीर केले. म्हणून शुद्धीकरणाची खरी रीत सभासदांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कलबुर्गीची डाळगिरणी असो, बीदरचा बिदरी कारखाना असो वा एखादे कार्यालय, क्रम एकच : आधी साबणाने धुणे, नंतर जंतुनाशक. मळावर क्लोरीनची शक्ती वाया जाते. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे 30 टक्के क्लोरीन असते. 10 लिटर पाण्यात 35 ग्रॅम पावडर पुरे. हे पाणी रोजच्या रोज करावे. कड्या, नळ, मेज पुसून दहा मिनिटे ओले राहू द्यावेत. धान्यास ते लागू देऊ नये. बिदरीतील जस्त-चांदीस क्लोरीन बाधते. तेथे साबणच बरा. ब्लीचिंग पावडरीत अॅसिड कदापि मिसळू नये. विषारी वायू निघतो.

मात्र करोना, क्षय यांसारखे रोग मुख्यत्वे हवेतून पसरतात. फरशी कितीही पुसली तरी बंद खोलीतील हवा शुद्ध होत नाही. यास्तव खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आजारी कामगारास पगारी रजा द्यावी. पोटासाठी आजार लपविण्याची पाळी कोणावरही येऊ नये, एवढीच मालकवर्गास आमची नम्र विनंती.