९९९ डॉलरांचा कारागीर

कॅलिफोर्नियातल्या घरात नळ गळायला लागला, कपाटाची बिजागरी निखळली किंवा सोफा सरकवताना ड्रायवॉलच्या भिंतीला भोक पडलं, तर मोठा कंत्राटदार सहसा फिरकत नाही. एवढ्याशा कामासाठी माणसं पाठवणं त्याला परवडत नाही. अशा वेळी येतो तो ‘हॅन्डीमन’. व्हॅनमध्ये ड्रिल, पाने, सिलिकॉनच्या नळ्या आणि स्क्रूंचे डबे घेऊन फिरणारा एकटा कारागीर. बे एरियातली मराठी कुटुंबंही त्याचा नंबर एकमेकांना देतात.

त्याच्याकडे कंत्राटदाराचा परवाना नसतो, तरीही त्याचा धंदा कायदेशीर असतो. बांधकाम-दुरुस्तीचे परवाने देणारं कॅलिफोर्नियाचं राज्य मंडळ १९२९ पासून आहे, पण किरकोळ कामांना कायद्यानेच सूट दिली आहे. या सुटीची मर्यादा वीसहून अधिक वर्षं ५०० डॉलरवर अडकली होती. दरम्यान मजुरी वाढली, लाकूड महागलं, आणि पूर्वी सहज सुटीत बसणारी कामं एकेक करून बाहेर पडली. अखेर १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १,००० डॉलर झाली.

वाढीव मर्यादेसोबत दोन अटीही आल्या. कामाला स्थानिक बांधकाम खात्याची परवानगी लागत असेल तर सूट नाही, आणि हाताखाली माणूस ठेवला तरी नाही. म्हणजे जुना नळ काढून नवा बसवणं चालतं. पाणी तापवायची टाकी बदलायची तर खात्याची परवानगी लागते, मग बिल हजाराच्या आत असलं तरी ते काम त्याचं नव्हे.

खरी मेख हिशेबात आहे. हजार डॉलर ही नुसती मजुरी नव्हे. सामानासकट अख्ख्या कामाची किंमत हजाराच्या आत हवी. समजा, बाथरूमची फरशी बदलायची आहे. टाइल्स आणि सिमेंट ४५० डॉलरचं, मजुरी ६०० डॉलर. बेरीज १,०५० झाली आणि काम हातचं गेलं. ‘या आठवड्यात अर्धी फरशी, पुढच्या आठवड्यात उरलेली’ अशी दोन बिलं करून चालत नाही. एका कामाचे तुकडे पाडून मर्यादा चुकवायला कायद्यात स्पष्ट मनाई आहे.

जाहिरात करायलाही हरकत नाही, फक्त आपल्याकडे कंत्राटदाराचा परवाना नाही हे त्या जाहिरातीतच लिहावं लागतं.

मर्यादा ओलांडणाऱ्यांना पकडायला मंडळाचे तपासनीस सापळे लावतात. एखाद्या घरात ते घरमालक बनून बसतात, जाहिरातीतल्या नंबरवर फोन करतात आणि रंगकामाचा किंवा कुंपणाचा भाव विचारतात. परवाना नसलेल्याने हजारांच्या पटीत भाव सांगितला की तो अडकला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पैशाचा फटका वेगळाच. परवाना लागणारं काम परवान्याविना केलं, तर थकलेल्या बिलासाठी कोर्टात जाता येत नाही. उलट ग्राहक दिलेले पैसेही परत मागू शकतो, भले काम चोख झालेलं असो.

मग परवानाच का काढत नाहीत? त्यासाठी गेल्या दहा वर्षांत निदान चार वर्षांचा कसबी कामाचा अनुभव दाखवावा लागतो, सहसा कायदा आणि कसब अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि २५,००० डॉलरचा बाँड लागतो. बाँडची रक्कम एकदम भरायची नसते, हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाचा हप्ता दिला की भागतं. एकट्याने काम करणाऱ्याला जड जातो तो अनुभवाचा पुरावा. प्रत्यक्ष काम पाहिलेल्या मालकाने, सहकाऱ्याने, कंत्राटदाराने किंवा ग्राहकाने तशी लेखी खात्री द्यावी लागते. आज इथे पंखा, उद्या तिथे दार करणाऱ्याजवळ सलग चार वर्षं काम पाहिलेला माणूस कुठून असणार? त्यामुळे परवान्याच्या वाटेवरचे बरेच जण आधी काही वर्षं एखाद्या परवानाधारक कंत्राटदाराकडे पगारावर काम करतात.